नरवानर गणातील नरांचे प्रजननयश

टोळीने राहणाऱ्या माकडांत व कपींत नराला किती पिल्ले झाली आणि त्यांतली किती जगून वयात आली, यावर त्याचे प्रजननयश ठरते. पूर्वी अभ्यासक नुसती मैथुने मोजत. डीएनए चाचणीने बाप ओळखता येऊ लागला, तेव्हा त्या मोजणीतल्या त्रुटी दिसू लागल्या.

प्राणिवर्तनाचे अभ्यासक स्टुअर्ट ऑल्टमन यांनी १९६२ मध्ये मांडलेला हिशेब साधा आहे. एका वेळी एकच मादी माजावर असेल, तर ती टोळीतल्या सर्वांत वरचढ नराच्या वाट्याला जाते. दोन असतील तर दुसऱ्या क्रमांकाच्या नरालाही संधी मिळते. म्हणूनच ज्या जातींत ठरावीक हंगामात बऱ्याच माद्या एकदम माजावर येतात, तिथे एकट्या नराची मक्तेदारी टिकत नाही.

काळतोंड्या वानरांत नरांतली ही चुरस फार तीव्रतेने दिसते. जोधपूरकडच्या बहुतेक टोळ्यांत एकच प्रौढ नर, म्हणजे आपला हुप्प्या, असतो. बाकीचे नर बाहेर, नरांच्या वेगळ्या टोळक्यात हिंडतात आणि संधी मिळताच हल्ला करतात. हुप्प्याची सत्ता सरासरी जेमतेम दोन-सव्वादोन वर्षे टिकते. त्यातच गर्भारपण सुमारे दोनशे दिवसांचे असते आणि अंगावर पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही. अशा वेळी नवा नर तान्ही पिल्ले मारतो. जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ १९६० च्या दशकाच्या आरंभी हे नोंदवले. अमेरिकन अभ्यासक सारा हर्डी यांनी पुढे राजस्थानातील अबूच्या वानरांवरून त्यामागचा प्रजननाचा फायदा दाखवला. गर्दीमुळे आलेली ही विकृती आहे, असा आक्षेप बरीच वर्षे घेतला गेला. पण नेपाळमधल्या रामनगर येथील वानरांच्या डीएनए तपासणीत (१९९९) पिल्लांवर हल्ला करणारा एकही नर त्या पिल्लाचा बाप निघाला नाही. त्या आक्षेपाला यापेक्षा ठोस उत्तर कोणते हवे?

माद्याही गप्प बसत नाहीत, आणि या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. वानरीच्या अंगावर माजाची सूज दिसत नाही. तिचे बीज नेमके कधी सुटते हे नराला कळत नाही, आणि तिचा माज मात्र बरेच दिवस चालतो. रामनगरसारख्या अनेक नरांच्या टोळ्यांत ती त्या काळात एकाहून अधिक नरांशी जुगते. नवा हुप्प्या आल्यावर तर गाभण माद्याही मैथुनासाठी त्याच्यापुढे पाठ करून उभ्या राहतात. बाप कोण याचा असा घोळ राहिला, की पिल्लाला मारणे नरालाच महागात पडू शकते.

वरचढपणाची किंमतही मोठी असते. केनियातील अंबोसेलीच्या बबून माकडांत पहिल्या क्रमांकाच्या नरांत ताणाची संप्रेरके दुसऱ्या क्रमांकाच्या नरांपेक्षा जास्त आढळली (२०११). चिंपांझीच्या जवळच्या बोनोबो या कपींचे गणित आणखी निराळे आहे. तिथे आई टोळीत असलेल्या नराला बाप होण्याची संधी सुमारे तिप्पट मिळते (२०१९), कारण ती मुलाला माजावरच्या माद्यांजवळ नेते आणि इतर नरांना मध्ये पडू देत नाही.