विदर्भातल्या 'डिजिटल' शाळा: वर्गणी आणि विजेचं बिल

ग्रामीण विदर्भातल्या शाळांत संगणक पोहोचले ते मुख्यतः 2004 नंतर, केंद्राच्या आयसीटी (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान) योजनेतून, आणि तेही बहुतेक माध्यमिक शाळांत. ठेकेदाराने लॅब उभारायची, पाच वर्षं संगणक शिकवणारा निदेशक ठेवून चालवायची, मग शाळेच्या हवाली करायची, असा करार. भारनियमन तेव्हा ऐन भरात होतं. मुदत संपली, निदेशक घरी गेले, खोल्यांना कुलपं लागली. तो अध्याय एवढाच.

वाद आहे तो 2015 चा. 22 जूनच्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची लाट आली. प्रोजेक्टर, टॅब, स्पीकर यांची भिस्त मात्र बरीचशी लोकवर्गणीवर. तेही कधी, तर 2014 च्या दुष्काळात हात पोळलेले असताना. वर्गणीच्या यादीत सरपंच, कृषी केंद्रवाले, पुण्यात नोकरीला लागलेली गावची पोरं. आणि रक्कम कमी पडली की गुरुजींचा पगार. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात अशी यादी भरते. गडचिरोलीतल्या भामरागडच्या टोल्यावर, म्हणजे आदिवासी पाड्यावर, ती कोण भरणार? वर्गणीने गावाला शाळा आपली वाटू लागली, कॉन्व्हेंटकडे गेलेली काही पोरं परत आली, हे खरंच. पण ज्याच्या गावाची ऐपत त्याची शाळा डिजिटल, ही वाटणी त्याच वेळी ठरून गेली, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

वस्तू आल्या तरी बिल राहिलंच. शाळेला वीज घरगुती दराने मिळत नाही. 2018 पासून समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतलं शाळा अनुदान पटावर ठरतं. म्हणजे पट जितका कमी, तितके पैसे कमी. खडू, सतरंजी, रंगरंगोटी त्यातूनच. बिल थकलं की लाईन कापली जाते आणि प्रोजेक्टर गोदरेजच्या कपाटात, पोषण आहाराच्या रजिस्टरांखाली.

मेळघाटातलं हरिसाल 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं. मेळघाटातल्याच कितीतरी ढाण्यांवर, म्हणजे छोट्या आदिवासी वस्त्यांवर, तेव्हा मोबाइलची रेंज नव्हती. 2020 मध्ये कोरोनात फोनवरून 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' आलं, तेव्हा घरात फोन असला तर एकच, आणि तो बापाच्या खिशात. दिवाळीनंतर इथली कोरकू आदिवासी कुटुंबं कामाला बाहेर पडतात, होळीला परततात. फोनही त्यांच्याबरोबर फिरतो. जिथे अभ्यास टिकला तिथे तो बहुधा छापील स्वाध्यायपत्रिकांवर आणि ढाण्यावर जाऊन ओसरीत शिकवणाऱ्या गुरुजींमुळे.

आता अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा देशभर एकच ओळख क्रमांक. त्यासाठी आधारवरचं नाव शाळेच्या नोंदीशी जुळावं लागतं. ढाण्यावरच्या पोराचं जुळत नाही, मग गुरुजी स्वतःच्या डेटावर रेंज शोधत टेकडीवर, आणि बाप मजुरी बुडवून दुरुस्तीसाठी धारणीला.