जुन्या गाडीच्या एसीतला ‘गॅस’ : पार्श्वभूमी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की यवतमाळ, वणी, पांढरकवडा इथल्या गॅरेजांसमोर जुन्या गाड्या उभ्या राहतात आणि बॉनेट उघडताच निदान होतं, “भाऊ, गॅस संपला.” वीस वर्षं धावलेली सुमो असो, शहरातून तिसऱ्या हाताने आलेली मारुती ८०० असो, की एखाद्या डॉक्टरांनी जपून ठेवलेली अँबेसेडर, सगळ्यांचं दुखणं या दोन शब्दांत मावतं. त्या गाडीत मुळात कोणता वायू होता आणि आता कोणता भरला जातोय, हे मालकाला सहसा ठाऊक नसतं. आज जुन्या गाड्यांत जी सरमिसळ दिसते, ती गेल्या तीस वर्षांत घेतलेल्या आणि न घेतलेल्या निर्णयांतून आली आहे.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३० च्या सुमारास अमेरिकेत आर-१२ हा गारवा देणारा वायू तयार झाला. तो पेटत नव्हता, त्याला वास नव्हता, साध्या खनिज तेलात तो सहज मिसळत होता. मोटारींच्या एसीत तोच रुळला. १९७४ मध्ये दोन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अशा वायूंतलं क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र उघड झालं, १९८७ मध्ये असे वायू बंद करण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला.

खरी गुंतागुंत त्यानंतरची. अमेरिकेत १९९५ पर्यंत नव्या गाड्या आर-१३४ए या क्लोरीन नसलेल्या वायूवर गेल्या. भारताला विकसनशील देश म्हणून जास्त मुदत होती. २००० मध्ये आपल्याकडे नियम आले, १ जानेवारी २००३ पासून नव्या उपकरणांत आर-१२ च्या जातीचे वायू वापरायला मनाई झाली आणि १ ऑगस्ट २००८ पासून दम्याच्या पंपांपुरता अपवाद सोडून त्यांचं उत्पादनच थांबलं. करारातल्या मुदतीच्या १७ महिने आधी हे झालं. देशाच्या दृष्टीने ही मोठी कामगिरी होती, यात शंका नाही. पण मेकॅनिकांच्या प्रशिक्षणाचा आणि जुना वायू काढून साठवण्याच्या यंत्रांचा जो भाग होता, तो शहरांपुरता राहिला. आमच्याकडच्या तालुक्याच्या गावात असं यंत्र मी आजवर पाहिलेलं नाही. इथे आर-१२ महाग झाला, मग मिळेनासा झाला आणि त्याच्या जागी काय भरायचं हे ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने ठरवलं.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या गाड्यांबाबत नुसतं आरसी बुकावरचं वर्ष पाहून चालत नाही. तो बदलाचा काळ होता. बॉनेटखालचा स्टिकर शाबूत असेल तर उत्तम, नाहीतर वायू भरायची तोंडं पाहावीत. आर-१२ च्या तोंडांना बाहेरून आटे असतात. १३४ए ची तोंडं गुळगुळीत, जाड आणि दोन वेगळ्या मापांची असतात, जोडणी दाबून बसवायची. जुन्या तोंडावर नवा अ‍ॅडॅप्टर चढवलेला दिसला तर कोणीतरी आधीच गाडी ‘कन्व्हर्ट’ केली आहे असं समजावं.

या कन्व्हर्शनवरून वाद अजून चालू आहे. स्वस्तातली पद्धत अशी : उरलासुरला आर-१२ हवेत सोडायचा, अ‍ॅडॅप्टर लावायचे आणि १३४ए भरायचा. दीड-दोन हजारांत माणूस मोकळा होतो आणि आठ-दहा दिवस गाडी थंड राहते. पण जुनं खनिज तेल १३४ए मध्ये विरघळत नाही. वायूबरोबर फिरून ते वायू दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरकडे परत यायला हवं, ते कूलिंग कॉइलमध्ये आणि नळ्यांत साचून राहतं. कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि एका उन्हाळ्यात जाम होतो. म्हणून जुनं तेल जमेल तितकं काढून १३४ए मध्ये मिसळणारं एस्टर तेल घालावं लागतं, ड्रायर बदलावा लागतो, कारण जुन्यातले ओल शोषणारे दाणे नव्या वायूला टिकत नाहीत. सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगा बदलाव्या लागतात. आर-१२ च्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच वायू भरावा लागतो, तोही काट्यावर मोजून. दोन्ही वायू एकत्र झाले तर मिश्रणाचा दाब दोघांच्याही स्वतंत्र दाबापेक्षा वर जातो, म्हणून आधीचा वायू पूर्ण काढून नळ्यांतली हवा अर्धा-पाऊण तास ओढून व्हॅक्यूम करणं भागच आहे.

एवढं करूनही विदर्भात एक अडचण उरते, तिचा विचार करार करणाऱ्यांपैकी कोणी केला असेल असं वाटत नाही. साधारण १७ अंशांना आर-१२ आणि १३४ए यांचा दाब सारखा असतो. त्यापुढे उष्णता वाढेल तसा १३४ए चा दाब अधिक वेगाने चढतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे बाहेर ४५-४६ अंश असताना फाटकापाशी थांबलेल्या गाडीच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीत, ६५ अंश सहज होतात. तिथे आर-१२ चा दाब सुमारे १७ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका), तर १३४ए चा १९. जुन्या गाडीचा वळणावळणाच्या एकाच नळीचा कंडेन्सर तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. त्यात वणीकडची कोळशाची धूळ पात्यांत बसलेली. पुणे-मुंबईची सौम्य हवा असती तर कदाचित निभावलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की इकडच्या गाडीत कंडेन्सर बदलून समांतर नळ्यांचा घातला आणि पुढे चांगला पंखा लावला तरच कन्व्हर्शन करावं. आमच्या घरच्या ८०० मध्ये नुसतं तेल आणि ड्रायर बदलून पाहिलं होतं. सकाळी पुलगावपर्यंत थंड, दुपारी परतताना काचा खाली, असा तो पूर्ण उन्हाळा गेला.

आता ‘गॅस’ या शब्दाकडे वळतो, कारण निम्मं नुकसान या शब्दाने केलं आहे. पेट्रोल संपतं, तसा गॅस संपत नाही. बंद नळ्यांत तोच वायू द्रव होतो, पुन्हा वाफ होतो. माठ पाझरतो तसा तो खर्ची पडत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी लिकेज आहे. जुन्या रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर साबणाचं पाणी घेऊन सांधा शोधायला हवा. ‘संपला’ म्हटलं की शोधायचा प्रश्नच मिटतो आणि भरण्याचा धंदा चालू राहतो. कित्येकदा तर वायू पुरेसा असतो, धुळीने कंडेन्सर तेवढा बंद झालेला असतो.

दुसरा घोळ असा की आपल्याकडे बारा, बावीस, एकशेचौतीस आणि चुलीजवळचं सिलिंडर, सगळंच ‘गॅस’. २००८ नंतर आर-१२ मिळेनासा झाला तेव्हा घरगुती एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे आर-२२ होता. तो काही गाड्यांत गेला. ६५ अंशांना त्याचा दाब २७ बारच्या आसपास जातो. आर-१२ साठी बनवलेली यंत्रणा एवढ्या दाबासाठी नसते.

स्वयंपाकाच्या गॅसचं प्रकरण अधिक अवघड आहे, कारण तो खरोखर थंड करतो. प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण दाबाला आर-१२ च्या जवळ जातं, जुन्या खनिज तेलात मिसळतं आणि वजनाने त्याच्या निम्म्याहूनही कमी लागतं. तेल बदलायला नको, ड्रायर नको. भरून देणारा “बर्फ होते गाडी” म्हणतो, ते खोटं नसतं. पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे, माणसांच्या समोर असते. लहान गाडीत आतली जागा अडीच घनमीटरच्या आसपास. काचा बंद असताना जेमतेम शंभर ग्रॅम गॅस आत झिरपला तरी हवा पेट घेण्याजोगी होते. घरच्या फ्रिजमध्ये असाच वायू चालतो की, असं म्हणणारे भेटतात. फ्रिजमध्ये तो मोजका असतो, सांधे झाळलेले असतात आणि फ्रिज खड्ड्यांतून धावत नाही. मुलाबाळांना बसवायच्या गाडीत हा गॅस भरू नये, याबाबत माझ्या मनात दुमत नाही.

अलीकडच्या घडामोडींनी या वादाला नवं वळण दिलं. १३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. म्हणून युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो बंद झाला आणि आर-१२३४वायएफ आला. हा नवा वायू किंचित पेटतो. २०१२ मध्ये एका जर्मन मोटार कंपनीने आपल्या चाचणीत तो तापलेल्या इंजिनावर पेटल्याचं जाहीर केलं आणि मोठं वादळ उठलं. त्याचा दाखला देऊन इकडे ‘मग सिलिंडरचा का नको’ असं विचारलं जातं. फरक आकड्यांत आहे : नव्या वायूची ज्योत सेकंदाला दीड सेंटिमीटर सरकते, प्रोपेनची ४६. प्रोपेनला साधी ठिणगी पुरते, नव्या वायूला पुरत नाही.

मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार १३४ए सारख्या वायूंचा वापर २०२८ ला गोठेल, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटेल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी होईल. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या सुमो, बोलेरो, इंडिका पुढे त्याच जागी येतील जिथे २००८ मध्ये आर-१२ च्या गाड्या होत्या. टंचाई आली की भेसळ येते. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीत-कंटेनरांत १३४ए च्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला वायू गेला. त्याची अ‍ॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन स्फोट झाले, कामगार दगावले. गाडीचा कंडेन्सरही अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. त्यामुळे सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगणं आणि काम झाल्यावर कोणता वायू, किती ग्रॅम, कोणतं तेल, कोणत्या तारखेला हे बॉनेटच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून घेणं, एवढं तरी मालकाच्या हातात आहे. पुढच्या उन्हाळ्यात गाडी दुसऱ्याच गॅरेजात उभी असते आणि तिथल्या माणसाला वाचायला दुसरं काहीच नसतं.