चित्तविकृतिरोधी औषधे

भ्रम, भास, विचारांचा विस्कळीतपणा व तीव्र उन्माद ही लक्षणे आटोक्यात आणणाऱ्या, मध्यवर्ती तंत्रिका तंत्रावर क्रिया करणाऱ्या औषधांचा वर्ग. छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) आणि द्विध्रुवी विकारातील उन्मादावस्था यांत ती मुख्यतः दिली जातात. ही झोपेची औषधे नव्हेत. डायझेपामसारखी शामके ‘गाबा’ या तंत्रिकापारेषकाचा (तंत्रिकापेशींमध्ये संदेश पोहोचविणाऱ्या रसायनाचा) दाबणारा परिणाम वाढवतात. चित्तविकृतिरोधी औषधांचा रोख डोपामीन या दुसऱ्या तंत्रिकापारेषकावर असतो. त्यांपैकी कित्येकांनी येणारी गुंगी हा आनुषंगिक परिणाम होय.

या वर्गाचा आरंभ क्लोरप्रोमाझीनपासून धरण्याचा प्रघात आहे, पण तो पूर्णपणे ग्राह्य धरता येत नाही. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच सर्पगंधेच्या मुळाचे चूर्ण वेड आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर उपयोगी पडते, असे प्रसिद्ध केले होते. प्राचीन ग्रंथांतील सर्पगंधा म्हणजे हीच वनस्पती, असे गृहीत धरून या उपयोगाला हजारो वर्षांची परंपरा जोडली जाते. केवळ नामसाम्यावर इतके मागे जाणे मात्र सावधपणाचे नाही. मुंबईचे हृद्‌रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील निबंधामुळे सर्पगंधेकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गेले, परंतु तो निबंध रक्तदाबावरचा होता. बाझेल येथील सीबा कंपनीच्या संशोधकांनी १९५२ मध्ये या मुळातून रिसर्पीन वेगळे केले आणि १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कमधील मनोरुग्णांवरील त्याच्या उपयोगाचा अहवाल दिला.

क्लोरप्रोमाझीनचा मार्ग निराळा. रोन-पूलांक या फ्रेंच कंपनीत पॉल शारपांत्ये यांनी बहुधा १९५० च्या अखेरीस ते तयार केले. नौदलाचे शल्यवैद्य आंरी लाबोरी शस्त्रक्रियेतील आघात सौम्य करणाऱ्या मिश्रणाच्या शोधात होते. हे औषध दिल्यावर रुग्ण जागा असतो, पण भोवतालच्या गोष्टींविषयी उदासीन होतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांच्याच आग्रहावरून पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात १९ जानेवारी १९५२ रोजी उन्मादाच्या एका तरुण रुग्णाला ते देण्यात आले. त्याच वर्षी सेंत-आन रुग्णालयाचे झां दले व प्येर दनिकेर यांनी आपली निरीक्षणे मांडली. अग्रमान कोणाचा, यावरून पुढे बराच कडवटपणा आला. तारखा पाहिल्या तर व्हाल-द-ग्रासचा प्रयोग आधीचा ठरतो. मात्र त्या रुग्णाला बार्बिट्यूरेटे (गुंगी आणणारी औषधे) आणि विजेचे झटकेही दिले गेले होते, त्यामुळे गुण कशाने आला हे त्यातून सांगता येत नाही. दले व दनिकेर यांनी ते औषध एकटेच, सलग आणि अनेक रुग्णांना दिले. त्यांच्याकडे झुकणाऱ्या इतिहासकारांचे म्हणणे म्हणून अधिक सयुक्तिक वाटते. वैद्यकीय संशोधनासाठी दिल्या जाणाऱ्या अमेरिकेतील लास्कर पुरस्काराने १९५७ मध्ये या वादात तडजोड साधली असे दिसते: लाबोरी, दनिकेर व कॅनडात काम करणारे हाइन्झ लेमन यांच्यासह वकील व क्लाइन यांचाही त्यात समावेश होता, दले मात्र वगळले गेले.

रिसर्पीन तंत्रिकापेशीच्या आतील साठवणीच्या पिशव्यांमध्ये डोपामीन भरू देत नाही. साठा हळूहळू रिता होतो. क्लोरप्रोमाझीन डोपामीनला हात लावत नाही, त्याच्या ग्राहींवर (पेशीवरील संदेश ग्रहण करणाऱ्या प्रथिनांवर) जाऊन बसते. हा भेद आज सोपा वाटतो, पण आर्व्हिड कार्लसन व मार्गिट लिंडक्विस्ट यांच्या १९६३ मधील उंदरांवरील प्रयोगांपर्यंत तो कळलेला नव्हता. क्लोरप्रोमाझीन व याच वर्गातील हॅलोपेरिडॉल दिल्यावर डोपामीन व नॉरअ‍ॅड्रिनलीन (आणखी एक तंत्रिकापारेषक) यांचे विघटनजन्य पदार्थ वाढल्याचे त्यांना आढळले. ग्राही अडल्यामुळे पेशी अधिक स्राव करून भरपाई करू पाहतात, असा त्यांनी तर्क केला. डोपामीनला एकट्याला वेगळे काढणे नंतरच्या संशोधकांचे काम होय. १९७५-७६ च्या सुमारास फिलिप सीमन यांच्या व सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखविले की, औषध डोपामीनच्या ग्राहीला (पुढे डी-२ म्हणून ओळखल्या गेलेल्या) जितके घट्ट चिकटते तितकी त्याची रोजची मात्रा कमी लागते. हॅलोपेरिडॉल काही मिलिग्रॅम पुरते, क्लोरप्रोमाझीन शेकडो मिलिग्रॅम लागते, याचा उलगडा त्यातून झाला.

डी-२ ग्राही मेंदूत एकाच ठिकाणी नसतात, आणि बहुतेक दुष्परिणामांचे मूळ येथेच आहे. मध्यमेंदूतून भावनांशी निगडित भागांकडे जाणाऱ्या मार्गातील अडथळ्याने भास व भ्रम ओसरतात. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मार्गातील अडथळ्याने कंपवातासारखी लक्षणे येतात. पोष (पिट्यूटरी) ग्रंथीकडील मार्गातील अडथळ्याने प्रोलॅक्टिन हे दुग्धस्रावाशी निगडित संप्रेरक वाढून पाळी चुकणे, स्तनांतून दूध येणे, कामेच्छा मंदावणे असे प्रकार घडतात. मेंदूच्या प्रतिमाचित्रणावरून साधारण ६५ टक्के ग्राही व्यापले की गुण येतो आणि सुमारे ७८ ते ८० टक्क्यांपुढे स्नायूंचे विकार दिसू लागतात, असे अनुमान आहे. वैद्याला वावरायला मिळणारी जागा एवढीच.

स्नायूंच्या विकारांपैकी तीव्र आकुंचनाचा प्रकार पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत, विशेषतः तरुण पुरुषांत उद्भवतो. मान एका बाजूला पिळवटते, जबडा आवळतो, बुबुळे वर चढून तिथेच अडकतात, आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. याला धनुर्वात, फेफरे किंवा चक्क सोंग समजण्याची चूक होते. मानसिक आजार नसलेल्यालाही उलटीवरील मेटोक्लोप्रमाइडने हेच होऊ शकते, कारण तेही डी-२ रोधकच आहे. प्रोमेथाझीन टोचल्यावर हा ताण बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. हे प्रोमेथाझीन क्लोरप्रोमाझीनच्याच रासायनिक कुळातले, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. अस्वस्थचलन त्याहून फसवे असते. रुग्ण एका जागी बसू शकत नाही, पाय सतत हलवतो, येरझाऱ्या घालतो. आजार बळावला असे मानून मात्रा वाढवली की त्रास आणखी वाढतो. येथे मात्रा कमी करणे किंवा प्रोप्रॅनोलॉल देणे इष्ट.

महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे औषध घेतल्यावर ओठ, जीभ व गाल यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात. हा विलंबित विकार औषध थांबवल्यावरही टिकू शकतो. २०१७ पासून त्यावर व्हॅल्बेनाझीन व ड्यूटेट्राबेनाझीन वापरात आली. रिसर्पीन ज्यावर काम करते त्या, पिशव्यांत डोपामीन भरणाऱ्या वाहक प्रथिनाच्या एका प्रकारावर ती क्रिया करतात. तीव्र ज्वर, ताठरपणा व भ्रमिष्टपणा अशी प्राणघातक अवस्था क्वचित येते. तीत औषध तात्काळ बंद करावे लागते.

क्लोझापीन, ओलान्झापीन, रिस्पेरिडोन, क्वेटियापीन ही ‘दुसऱ्या पिढीची’ औषधे सिरोटोनिन या आणखी एका तंत्रिकापारेषकाच्या ग्राहींवरही क्रिया करतात. त्यांत स्नायूंचे विकार सामान्यतः कमी; वजन, रक्तशर्करा व मेद मात्र वाढतात, विशेषतः पहिल्या दोहोंनी. पिढ्यांची ही विभागणी पूर्वी मानली गेली तितकी भक्कम राहिलेली नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत जुने परफेनाझीन बहुतेक नव्या औषधांच्या तोडीस तोड ठरले आणि १८ महिन्यांत ७४ टक्के रुग्णांनी नेमून दिलेले औषध सोडले. अपवाद क्लोझापीनचा. पांढऱ्या रक्तपेशी घटून मृत्यू ओढवल्याने १९७५ नंतर ते अनेक देशांत मागे पडले होते. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांना सहा आठवड्यांत त्याने गुण आला, क्लोरप्रोमाझीनने ४ टक्क्यांना, असे जॉन केन व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखविल्यावर ते नियमित रक्ततपासणीच्या अटीवर परतले. बद्धकोष्ठतेकडे त्यामानाने दुर्लक्ष होते. आतडे बंद पडण्यापर्यंत ती जाऊ शकते. धूम्रपानाने क्लोझापीनचे यकृतातील विघटन वाढते. हे निकोटीनमुळे नव्हे, तर धुरातील हायड्रोकार्बनांमुळे घडते. म्हणून सिगारेट एकाएकी सोडलेल्या रुग्णाच्या रक्तात, गोळ्या तितक्याच असूनही, औषधाची पातळी धोकादायक चढू शकते.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या वर्गातील औषधांनी मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्ये नव्या औषधांबाबत दिला व पुढे तो जुन्यांनाही लागू केला. अ‍ॅरिपिप्राझोल डी-२ ग्राहीला पूर्ण बंद न करता अंशतः उद्दीपित ठेवते. अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळालेले झॅनोमेलीन डोपामीनच्या ग्राहींना थेट स्पर्श न करता मेंदूतील मस्कारिनी ग्राहींना (अ‍ॅसिटिलकोलीन या तंत्रिकापारेषकाच्या ग्राहींचा एक प्रकार) चेतवते. त्याने पोटात होणारा त्रास कमी करण्यासाठी सोबत ट्रॉस्पियम देतात. ते मेंदूत फारसे शिरत नाही, उर्वरित शरीरातील तेच ग्राही अडवते. तरीही मळमळ व उलट्या हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम आहेत.