जुनी सोय काढायची, तर इशारा पोहोचला पाहिजे

‘फ्रॉम कलेक्शन्स इम्पोर्ट मॅपिंग’ ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली एक साधी ओळ; ‘कलेक्शन्स’ या मॉड्यूलमधून (तयार कोडच्या फाइलमधून) ‘मॅपिंग’ आणा, असं ती सांगते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आवृत्ती आली आणि ही ओळ असलेले प्रोग्राम सुरू होतानाच इम्पोर्ट एरर देऊन थांबू लागले.

मॅपिंगसारखे वर्ग (क्लास) २०१२ च्या ३.३ मध्येच ‘कलेक्शन्स.एबीसी’ या नव्या मॉड्यूलमध्ये हलवले होते. जुना पत्ता तोवर चालू ठेवला होता. म्हणजे नऊ वर्षांची मुदत मिळाली, तरीही कोड मोडला. याचं कारण असं की पहिली जवळजवळ सहा वर्षं बदलाची नोंद फक्त दस्तऐवजात होती, आणि चालणाऱ्या कोडचे दस्तऐवज पुन्हा कुणी वाचत बसत नाही. प्रोग्राम चालताना इशारा मिळू लागला तो जून २०१८ च्या ३.७ पासून. मॉड्यूलमधलं एखादं नाव मागितलं गेलं की मध्ये थांबून इशारा देण्याची सोपी सोय भाषेत त्याच आवृत्तीत आली. ही नावं ३.९ मध्येच काढायचं ठरलं होतं. पण पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपत होता आणि बऱ्याच लायब्रऱ्या (इतर प्रोग्रामनी वापरायचा तयार कोड) पायथन २ आणि ३ या दोन्हींसाठी एकच कोड सांभाळत होत्या, म्हणून काढणं एक आवृत्ती पुढे ढकललं. हा निर्णय योग्यच होता.

ओपन सोर्स प्रकल्पात जुना कोड खोडणं सोपं असतं. खोडण्याआधी इशारा नेमक्या माणसापर्यंत पोहोचवणं, हे खरं काम.

पायथनच्या नियमानुसार एखादी गोष्ट डेप्रिकेट केली, म्हणजे ‘ही पुढे जाणार, वापरू नका’ असं जाहीर केलं, की किमान दोन आवृत्त्यांत इशारा द्यावा लागतो. आता दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते, म्हणजे किमान दोन वर्षं. पण ‘डेप्रिकेशन वॉर्निंग’ एरवी पडद्यावर दिसतच नाही. प्रोग्राम नुसता वापरणाऱ्याला तो इशारा दाखवून उपयोग नसतो, कारण कोड बदलणं त्याच्या हातात नसतं. ३.७ पासून मधला मार्ग निघाला: इशारा थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधल्या ओळीबद्दल असेल तर दिसतो, आत बोलावलेल्या लायब्ररीबद्दल असेल तर दडतो.

इथे लायब्ररी लिहिणारे हमखास चुकतात. इशारा देताना ‘स्टॅकलेव्हल’ नावाचा आकडा देता येतो. तो दिला नाही तर १ धरला जातो आणि इशारा लायब्ररीच्याच आतल्या ओळीवर नोंदला जातो. ती ओळ मुख्य फाइलमधली नसल्याने वरच्या नियमाने तो दडपला जातो. वापरणाऱ्याने स्वतःच्या फाइलमधून जुनं फंक्शन बोलावलं असलं तरी त्याला काही कळत नाही. आकडा २ दिला की इशारा बोलावणाऱ्याच्या ओळीवर जातो. मधे आणखी एक आतलं फंक्शन असेल तर ३ लागतो. इशाऱ्याच्या मजकुरात तीन गोष्टी हव्यात: काय जाणार, कोणत्या आवृत्तीत जाणार, त्याऐवजी काय वापरायचं. तिसरी नसेल तर लोक इशारा बंद करून मोकळे होतात.

आणखी एक फसवी जागा आहे. साध्या स्ट्रिंगमध्ये उलट्या तिरक्या रेघेपुढे ‘डी’ लिहिला तर तो अवैध एस्केप, म्हणजे भाषेला अर्थ ठाऊक नसलेलं खास चिन्ह, ठरतो. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचा नमुना) लिहिताना हे फार होतं. याचा इशारा ३.६ पासून आहे, पण तो फाइल कंपाइल होताना दिला जातो. इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलचा बाइटकोड, म्हणजे कंपाइल झालेलं रूप, ‘पायकॅश’ फोल्डरमध्ये साठवून ठेवलेला असतो, त्यामुळे दुसऱ्यांदा चालवलं की इशारा गायब, आणि दुरुस्त केल्याचा भास होतो. तपासायचं असेल तर आधी ते फोल्डर पुसा. ३.१२ पासून हा इशारा ‘सिंटॅक्स वॉर्निंग’ केला आहे, म्हणून तो आता एरवीही दिसतो.

वापरणाऱ्यांच्या बाजूने उपाय सरळ आहे. चाचण्या चालवताना डॅश आणि कॅपिटल डब्ल्यू, पुढे ‘एरर’ हा पर्याय द्या. प्रत्येक इशारा चूक समजला जाईल. पहिल्याच दिवशी दुसऱ्यांच्या लायब्रऱ्यांतले इशारे तुमच्या चाचण्या पाडतील. तेव्हा सगळेच इशारे बंद करू नका, फक्त त्या लायब्ररीच्या नावापुरती सूट नोंदवा आणि तिच्या प्रकल्पात तक्रार टाका.

ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये एकोणीस जुनी मॉड्यूलं एकदम गेली: टेलनेटलिब, सीजीआय, क्रिप्ट, ऑडिओऑप वगैरे. प्रस्ताव २०१९ चा, इशारे २०२२ च्या ३.११ पासून. काढण्याचं काम मात्र २०२३ च्या मे महिन्यातच, ३.१३ चा विकास सुरू होताच उरकलं. ही वेळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फेडोरासारखी लिनक्स वितरणं प्राथमिक आवृत्तीवरच आपली पॅकेजेस बांधून पाहतात, त्यामुळे काय मोडतं ते वर्षभर आधी कळतं आणि गरज पडली तर काढलेलं परत आणायला अवधी उरतो. ऑडिओऑपचा कोड पुढे ‘ऑडिओऑप-एलटीएस’ नावाने वेगळं पॅकेज म्हणून निघाला. पिप या पॅकेज बसवण्याच्या साधनाने ते बसवलं की इम्पोर्टची जुनी ओळ आहे तशीच चालते.