बिंबाणूआधारित द्रव जीवोतक परीक्षा

रक्तातील बिंबाणूंमधला आरएनए, म्हणजे जनुकांतील सूचनांची नक्कल, वाचून शरीरात कर्करोग आहे का, याचा अंदाज घेण्याची पद्धती. जीवोतक परीक्षा म्हणजे बायॉप्सी. अर्बुदाचा, म्हणजे कर्करोगाच्या गाठीचा, तुकडा न काढता रक्तासारख्या द्रवावर काम भागवायचे, म्हणून ‘द्रव’. बिंबाणू म्हणजे व्यवहारातल्या प्लेटलेट्स. नाशिककडे डेंग्यूच्या दिवसांत ‘पांढऱ्या पेशी उतरल्या’ असे सांगतात, तेव्हा बहुधा बिंबाणूच अभिप्रेत असतात. खऱ्या पांढऱ्या पेशी निराळ्या. या परीक्षेच्या नमुन्यात त्या मिसळल्या तर निकालच बिघडतो.

बिंबाणूंना केंद्रक नसते. अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट या मोठ्या पेशींचे ते सुटे तुकडे असून सुमारे 7 ते 10 दिवस जगतात. निरोगी माणसाच्या दर मायक्रोलिटर रक्तात ते साधारण 1.5 ते 4.5 लाख असतात.

कर्करोग आणि रक्त गोठणे यांच्या संबंधाचे श्रेय सामान्यतः आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्याच्या 1865 मधील व्याख्यानाला दिले जाते. त्याआधी 1823 मध्ये बुइयो याने असे रुग्ण नोंदविले होते, हे पाहता ‘पहिला’ हे विशेषण जपून वापरलेले बरे. बिंबाणूंचा शोधही असाच वाटला गेला आहे : मॅक्स शुल्ट्स याने 1865 मध्ये रक्तातील सूक्ष्म कण वर्णिले, पण त्यांचे स्वतंत्र स्थान व गोठण्यातील कार्य बिझोझेरो याने 1882 च्या सुमारास स्पष्ट केले. बिंबाणूंमध्ये अर्बुदाचा आरएनए सापडतो, असे 2011 मध्ये निल्सन व सहकाऱ्यांनी मेंदूतील ग्लायोमा हे अर्बुद आणि पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीचा कर्करोग यांत दाखविले. ‘अर्बुदाने शिकविलेले बिंबाणू’, म्हणजे कर्करोगामुळे आतला आरएनए बदललेले बिंबाणू, ही संज्ञा मुख्यतः 2015 नंतर रुळली.

हे ‘शिक्षण’ नेमके कोठे होते, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार अर्बुद सूक्ष्म पुटिकांमधून (पिशव्यांमधून) आपला आरएनए सोडते आणि बिंबाणू तो गिळतात. प्रयोगशाळेत असे ग्रहण दिसलेही आहे. दुसऱ्या मतानुसार बदल बिंबाणूंच्या स्वतःच्या आरएनएत होतो. केंद्रक नसले तरी बिंबाणूंत अर्धवट तयार आरएनए असतो आणि बाहेरचा इशारा मिळताच त्याची काटछाट होऊन तो वापरण्याजोगा होतो, हे 2005 मधील संशोधनाने दाखविले होते. तिसरे मत आणखी मागे जाते : कर्करोगजन्य दाहामुळे अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइटच बदलतात आणि बिंबाणू तो वारसा घेऊन बाहेर पडतात. तरुण बिंबाणूंत आरएनए अधिक असतो, त्यामुळे त्यांचे प्रमाण वाढले तरीही चित्र पालटते. परीक्षेत उपयोगी ठरणारे बहुतेक आरएनए बिंबाणूंचेच नेहमीचे असतात, हे ध्यानी घेता शेवटची दोन मते अधिक पटतात. तसे असेल तर ही परीक्षा अर्बुदाचा अंश शोधत नाही, शरीराची प्रतिक्रिया वाचते. आणि प्रतिक्रिया इतर आजारांतही उमटू शकते. अर्थात गिळण्याचे मत निकालात निघालेले नाही. बिंबाणू रक्तातला मोकळा डीएनए, त्यात अर्बुदाचाही, टिपून ठेवतात, असे 2025 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखविले.

ॲम्स्टरडॅम येथील गटाने 2015 मध्ये 283 नमुन्यांवर 96 टक्के अचूकता सांगितली. 2022 मधील मोठ्या अभ्यासाचे आकडे अधिक संयत आहेत. 18 प्रकारच्या कर्करोगांच्या 1,096 नमुन्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश ओळखले गेले. पहिल्या तीन टप्प्यांतील रोगात मात्र निम्मेच. लक्षणे नसलेल्यांत विशिष्टता, म्हणजे कर्करोग नसलेल्याला ‘नाही’ असेच सांगण्याचे प्रमाण, 99 टक्के होती, म्हणजे अशा हजार जणांची चाचणी केल्यास दहा जणांना उगाच धास्ती. वय, धूम्रपान, नमुना साठविण्याचा काळ आणि काही दाहजन्य आजार यांचा परिणाम होत नाही, असा दावा याच गटाने 2017 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत केला होता. दरवर्षी डेंग्यू येणाऱ्या प्रदेशात तो पुन्हा पडताळावा लागेल.

रक्त ईडीटीए हे गोठू न देणारे रसायन असलेल्या नळीत घेऊन खोलीच्या तापमानाला ठेवतात आणि 48 तासांच्या आत अपकेंद्री यंत्रात दोनदा मंद गतीने फिरवून बिंबाणू वेगळे करतात. थंडीने बिंबाणू चेतवले जातात. त्यामुळे नमुना बर्फाच्या डब्यात घालून कसारा घाटाखाली मुंबईकडे धाडण्याची एरवीची रीत येथे चालणार नाही, आणि नाशिकच्या वैशाखात उघड्यावर ठेवणेही नाही.

द्रव जीवोतक परीक्षा हा शब्द नाशिकला नवा नाही. येथील दातार कॅन्सर जेनेटिक्स या संस्थेच्या रक्तचाचण्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘ब्रेकथ्रू’ हा दर्जा दिला : 2021 मध्ये स्तनाच्या, 2023 मध्ये मेंदूच्या अर्बुदांसाठी. हा दर्जा परीक्षणाला गती देण्यासाठी असतो, ती अंतिम मंजुरी नव्हे. शिवाय त्या चाचण्या रक्तात फिरणाऱ्या अर्बुदपेशी हुडकतात, बिंबाणू नव्हे. वृत्तपत्रांतून या दोहोंची गल्लत होते. बिंबाणूंची परीक्षा अद्याप संशोधनाच्या टप्प्यात आहे.