जावातली 'डेट': तुलनेचा घोळ कुठून सुरू झाला

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत 'डेट' हा क्लास (माहितीचा साचा) १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि नाव डेट असलं तरी त्यात तारीख नाही. आत असतो तो १ जानेवारी १९७० पासून यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) मोजलेल्या मिलिसेकंदांचा आकडा. पुण्यात १५ ऑगस्टचे पहाटेचे पाच वाजलेले असताना यूटीसीवर लावलेला सर्व्हर तोच आकडा १४ ऑगस्ट म्हणून छापतो. त्याच्या 'बिफोर' (आधी) आणि 'आफ्टर' (नंतर) या मेथड क्षणांची तुलना करायच्या. दिवस एकच आहे का, हे थेट विचारायची सोय नव्हती.

जावाच्या १.१ आवृत्तीत 'कॅलेंडर' हा क्लास आला. महिन्यांची मोजणी मात्र शून्यापासूनच, म्हणजे जानेवारी शून्यावरच राहिला. त्याच्या 'बिफोर'ला कुठलाही ऑब्जेक्ट चालतो. चुकून 'डेट' दिली तर कंपायलर (कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्रॅम) हूं की चूं करत नाही आणि उत्तर कायम 'फॉल्स', म्हणजे 'नाही'.

खरा वाद मात्र 'टाइमस्टॅम्प'चा. डेटाबेससाठीचा हा क्लास 'डेट'चा सबक्लास (तिचे गुण वारशाने घेणारा क्लास) केला आणि नॅनोसेकंद वेगळ्या फील्डमध्ये ठेवले. दोन गोष्टी समान आहेत का हे सांगणाऱ्या 'इक्वल्स'चा नियम साधा: अ जर ब-शी समान, तर ब-ही अ-शी समान. इथे मात्र मिलिसेकंद जुळत असतील तर 'डेट' हो म्हणते आणि 'टाइमस्टॅम्प' त्याच 'डेट'ला ठाम नाही. 'डेट' म्हणून ठेवलेलं फील्ड डेटाबेसमधून परतताना बरेचदा टाइमस्टॅम्प होऊन येतं. मग टेस्टमध्ये तुलनेची डावी-उजवी बाजू बदलली की हिरवं लाल होतं, म्हणजे पास झालेली टेस्ट नापास. अधिकृत डॉक्युमेंटेशनचा खुलासा असा की हा वारसा फक्त इम्प्लिमेंटेशनपुरता आहे, टाइमस्टॅम्पला सरसकट डेट समजू नका. म्हणजे मुलगा म्हणायचं, पण सातबाऱ्यावर नाव लावायचं नाही! हा क्लास स्वतंत्र ठेवला असता तर 'डेट'च्या जागी टाइमस्टॅम्प ठेवतानाच कंपायलरने अडवलं असतं.

२०१४ मध्ये जावा ८ ने क्लास असेच स्वतंत्र ठेवले. नुसत्या तारखेसाठी 'लोकलडेट', वेळेसह 'लोकलडेटटाइम', आणि दोघांत वारसा नाही. एकाच्या 'इजबिफोर'ला दुसरं दिलं तर कोड कंपाइलच होत नाही.

एक खोच तरीही उरली. कोण आधी, कोण नंतर हे आकड्यात सांगणारी 'डेट'ची 'कम्पेअरटू' उणे एक, शून्य किंवा एक द्यायची, म्हणून कित्येकांच्या कोडमध्ये थेट उणे एकशी तुलना होती. लोकलडेटची 'कम्पेअरटू' वर्षांतला फरक देते, वर्ष सारखं असेल तर महिन्यांतला, तोही सारखा तर दिवसांतला. ३१ डिसेंबर आणि लगेच पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीला असा कोड बरोबर चालतो, कारण फरक उणे एकच येतो. एकाच वर्षातल्या १० मार्च आणि १५ मार्चला उत्तर येतं उणे पाच.