गिझरमधली पत्र्याची चकती

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत इथल्या किंवा खानापूरकडच्या पहाटे गार पाण्याने आंघोळ करणारे फारच थोडे असतात. घाईच्या वेळी गिझरचा नॉब शेवटपर्यंत फिरवला की पाणी लवकर तापते, असा अनेक घरांत पक्का समज आहे. तो चुकीचा आहे. २ किलोवॉटचा गिझर १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे २१ मिनिटे घेतो आणि नॉब कुठेही असला तरी ही वेळ बदलत नाही, कारण एलिमेंटला, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलला, एकतर पूर्ण वीज मिळते किंवा अजिबात मिळत नाही. नॉबने केवळ पाणी किती तापल्यावर वीज तोडायची, हे ठरते. जुन्या पद्धतीच्या एसीचेही असेच आहे. १६ अंश लावल्याने खोली लवकर गार होत नाही. इन्व्हर्टर एसीत मात्र कॉम्प्रेसरचा वेग बदलता येत असल्याने तिथे हा नियम तंतोतंत लागू पडत नाही.

वीज तोडण्याचे हे काम वाटते तितके सोपे नाही. शाळेत आपण द्विधातू पट्टी शिकलो आहोत: पितळ आणि इन्व्हार यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या आणि तापवल्या, तर पितळ जास्त प्रसरण पावते आणि जोडपट्टी इन्व्हारच्या बाजूला वाकते. इन्व्हार हा लोखंड व निकेल यांचा मिश्रधातू असून तापवल्यावर तो जवळपास वाढतच नाही. त्याच्या शोधासाठी शार्ल गियोम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाठ्यपुस्तक इथेच थांबते आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. पाणी हळूहळू तापत असल्याने पट्टीही हळूहळूच वाकते, म्हणजे विजेचे दोन संपर्कबिंदू एकमेकांपासून केसाएवढ्या अंतरावर बराच वेळ रेंगाळतात. २ किलोवॉटच्या गिझरमधून सुमारे ९ अँपिअर प्रवाह जात असतो. इतक्या अरुंद फटीत तो ठिणगीच्या रूपाने वाहत राहतो, संपर्कबिंदूंचा धातू वितळवतो आणि कधीकधी ते दोन्ही एकमेकांना कायमचे चिकटवून टाकतो.

यावरचा उपाय म्हणजे जेमतेम अर्ध्या इंचाची, किंचित खोलगट अशी द्विधातूची चकती. जत्रेत मिळणारा पत्र्याचा बेडूक दाबला की ‘टिक’ आवाज करून दुसऱ्या बाजूला फुगतो. चकतीला तीच सवय लावलेली असते, फक्त दाबण्याचे काम तिथे उष्णता करते. जास्त प्रसरण पावणारा धातू चकतीच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला ठेवलेला असतो. तापमान वाढते तशी ती बाजू लांबू पाहते आणि चकती सपाट होण्याकडे झुकते. परंतु खोलगट पत्रा सपाट व्हायचा तर त्याची कड ताणली जावी लागते आणि मधला भाग दाबला जावा लागतो, त्यामुळे सपाट अवस्था ही चकतीसाठी सर्वांत जास्त ऊर्जेची, म्हणून सर्वांत अस्थिर अवस्था ठरते. चकती त्या अवस्थेच्या अलीकडेच अडून राहते, अंतर्गत ताण साठवत जाते, आणि एका ठरावीक तापमानाला तो अडथळा ओलांडताच काही सहस्रांश सेकंदांत उलटी होऊन संपर्कबिंदूंना एकमेकांपासून दूर करते. आपल्या घरातील वीजप्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो. असा पुढचा शून्यक्षण येतो तेव्हा संपर्कबिंदू पुरेसे दूर गेलेले असतात आणि विझलेली ठिणगी पुन्हा पेटत नाही.

उलटलेली चकती त्याच तापमानाला सुलटी होत नाही, हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य. परतीच्या वाटेवरही तोच ऊर्जेचा अडथळा असल्याने तिला बरेच अंश खाली उतरावे लागते. उलटण्याच्या आणि सुलटण्याच्या तापमानांत अंतर नसते, तर पाणी अर्ध्या अंशाने निवले की वीज सुरू आणि अर्ध्या अंशाने तापले की बंद, अशी उघडझाप दिवसभर चालली असती. ही चकती अमेरिकेच्या जॉन स्पेन्सर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात व्यवहारात आणली. भट्टीचे पत्र्याचे दार तापताना व निवताना ‘टक्’ असा आवाज करते, या निरीक्षणातून त्यांना ती सुचली, असे सांगितले जाते.

गिझरमध्ये असे दोन स्विच असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नॉबशी जोडलेला थर्मोस्टॅट रोजचे काम करतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. दुसरा, म्हणजे थर्मल कटआउट, एरवी स्वस्थ बसलेला असतो. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटले आणि पाणी ९० अंशांच्या आसपास गेले, तरच त्याची चकती उलटते. चांगल्या कटआउटमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी तुटतात, आणि तो निवल्यावरही आपोआप जुळत नाही, झाकण उघडून छोटे बटण हातानेच दाबावे लागते. ही मुद्दाम केलेली अडवणूक आहे: काहीतरी बिघडले आहे, हे माणसाला कळल्याशिवाय यंत्राने पुढे जाऊ नये. दुर्दैवाने वारंवार ट्रिप होणाऱ्या गिझरवर ‘डायरेक्ट करून देतो’ हा झटपट इलाज सर्वत्र चालतो, म्हणजे एक वायरचा तुकडा जोडून कटआउट वगळला जातो.

आपल्याकडच्या जुन्या तांब्याच्या बंबाला असे काही लागत नव्हते, कारण त्याचे तोंड उघडे असे आणि उघड्या भांड्यातले पाणी बेळगावच्या उंचीवर ९७-९८ अंशांच्या पुढे जाऊच शकत नाही. गिझरची टाकी बंदिस्त असते. आत वातावरणापेक्षा ८ बार जास्त दाब साचला, तर पाणी सुमारे १७५ अंशांपर्यंत न उकळता तापते, आणि त्या क्षणी टाकी फाटली तर दाब नाहीसा होऊन पाण्याच्या जवळपास सातव्या हिश्श्याची तत्काळ वाफ होते. १५ लिटरच्या टाकीतून अशी तीन हजार लिटरांहून अधिक वाफ निघते. ती थोपवण्याचा शेवटचा उपाय म्हणजे दाब सोडणारा व्हॉल्व्ह. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की दीड टक्क्याने वाढते, म्हणजे १५ लिटरमागे सुमारे पाव लिटर, आणि परत नळाकडे जायला वाट नसली तर तेवढे पाणी या व्हॉल्व्हमधून ठिबकते. ही ‘गळती’ थांबवण्यासाठी त्याला बूच मारणारे महाभाग आहेत. वास्तुशास्त्र म्हणून गिझर आग्नेय कोपऱ्यातच बसवण्याचा आग्रह धरायचा आणि व्हॉल्व्हला मात्र बूच मारायचे, याला काय म्हणावे? वाफेला दिशा कळत नाहीत.

थंड करणाऱ्या यंत्रांतही ही चकती आहे. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला खेटून बसवलेल्या ‘ओव्हरलोड’ नावाच्या संरक्षक स्विचमध्ये ती मोटारीची उष्णता आणि प्रवाह दोन्हींवर लक्ष ठेवते. फ्रिज बंद झाल्यावर कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंच्या गॅसचा दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधीच पुन्हा वीज दिली तर मोटार अडते, कित्येक पट प्रवाह ओढते आणि ओव्हरलोड ‘टक्’ करून तिला वाचवतो. करंट येऊन-जाऊन असतो त्या गावांत स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांचा विलंब ठेवतात तो यासाठी. व्होल्टेज कमी असले तरी हेच घडते, कारण मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १६० व्होल्ट मिळाले तर तो अर्ध्याहून कमी उरतो.

चिकोडी-निपाणी भागातल्या दूध संस्थांमध्ये दूध ४ अंशांपर्यंत गार करणारे कूलर असतात, त्यांत याशिवाय दाबावर चालणारे स्विच असतात. गॅसचा दाब फार कमी झाला तर बंद करणारा स्विच सहसा आपोआप जुळतो, तर दाब फार वाढल्यावर तोडणारा बहुधा हातानेच जुळवावा लागतो. हा दुसरा स्विच एकाच सकाळी पुन्हापुन्हा पडत असेल, तर बटण दाबत राहण्याऐवजी आधी कंडेन्सरचा, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा, पंखा फिरतो आहे का आणि त्या जाळीच्या पात्यांत वैरणीचा भुसा अडकला आहे का, हे पाहावे.